वाळ्याची ताटी

नीळकंठराव देशकरांच्या गच्चीवर ती पत्र्याची पेटी येऊन बसली, तेव्हा अख्ख्या ब्लॉकमध्ये बातमी पसरली की बायको गेल्यावर देशकर साहेबांनी कबुतरं पाळली. लोकांचं फार चुकलं असंही नाही. पेटीला चार उंच पाय होते, वर घराच्या छपरासारखं उतरतं झाकण होतं, आणि झाकणाखाली चारी बाजूंनी फट होती. खालच्या मजल्यावरच्या मिश्राजींनी तर जिन्यात अडवून विचारलं, "सफेदवाले हैं क्या, देशकर साहब?"

नीळकंठरावांचा राग कायम नाकावर. "हवा नापने की मशीन है, मिश्राजी! हवा!" असं ओरडून ते वर निघून गेले. मिश्राजी बिचारे हातातली भाजीची पिशवी सावरत बघत राहिले. हवा काय मोजायची, ती फुकट येते आणि फुकट जाते, असं त्यांना वाटलं असणार.

पण हे यंत्र नीळकंठरावांनी भांडून आणलं होतं. हवा तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात त्यांनी इतके अर्ज टाकले, इतक्या खेपा घातल्या, की तिथला शिपाईदेखील त्यांना लांबून बघून पंखा त्यांच्याकडे वळवून ठेवायचा. यंत्राचं काम साधं. आत मोटर. ती बाहेरची हवा ओढून घेते, आणि हवेतली धूळ, धूर, काजळी एका पांढऱ्याशुभ्र कागदावर जमा होते. कागद आधी तोलायचा, मग दिवसरात्र यंत्रात ठेवायचा, मग पुन्हा तोलायचा. वजन जितकं वाढलं तितकी घाण त्या हवेत. बस्स.

आणि नीळकंठरावांना त्या कागदाकडून एकच गोष्ट हवी होती. विजयाबाईंचं म्हणणं खरं होतं, हे त्याने सांगावं.

विजयाबाई म्हणजे त्यांची बायको. नागपूरहून लग्न होऊन थेट भोपाळला, पिपलानीच्या या क्वार्टरमध्ये आली आणि इथेच संसार केला. नीळकंठराव कारखान्यात ड्राफ्ट्समन. मुलगी अलका लग्न होऊन नाशिकला गेली, आणि त्याच सुमारास विजयाबाईंना खोकला जडला. साधासुधा नाही. एकदा लागला की कमरेत वाकवायचा, डोळ्यांत पाणी आणायचा. खिडकीत उभी राहून ती गोविंदपुऱ्याच्या दिशेला बोट करायची, तिकडच्या भट्ट्यांच्या धुरांड्यांकडे. "तो धूर येतोय, अहो. माझ्या जिभेला कळतो. लोखंड चाटल्यासारखं लागतं."

नीळकंठरावांचा तिच्यावर पूर्ण विश्वास. डॉक्टरांचा मात्र नाही. भोपाळमध्ये तेव्हा खोकला म्हटला की पहिला प्रश्न ठरलेला: त्या गॅसच्या रात्री कुठे होता? गॅस न पोचलेल्या पिपलानीत होतो म्हटलं की डॉक्टरांचा अर्धा रस संपायचा. तरी ज्या खासगी डॉक्टरकडे ते जात, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "उन्हाळ्यात कसं असतं?"

"उन्हाळ्यात पुष्कळ बरं असतं," नीळकंठराव म्हणाले. आणि ते खरंच होतं.

"मग धुराचं काही नाही. धूर बारा महिने असतो. यांना थंडी बाधते."

झालं. धुराचा विषय तिथेच मिटला. शेवटच्या जानेवारीत ती फार थकली. उशांना टेकून बसायची, कारण आडवं झालं की श्वास अडायचा. तापात काहीबाही मागायची. एकदा म्हणाली, "अहो, खिडकीला ताटी लावा ना." उन्हाळ्यात गारव्यासाठी भिजवून लावायची ती वाळ्याची ताटी, भर थंडीत! नीळकंठरावांना हसू आलं आणि रडूही आलं. "वेडी की काय तू, निमोनिया होईल," म्हणत त्यांनी तिच्या अंगावर आणखी एक रजई घातली. त्याच महिन्यात ती गेली.

तेव्हापासून घरात मराठी बोलणारं कुणी उरलं नाही. कारखान्यात हिंदी, बाजारात हिंदी, जिन्यात मिश्राजी. अलकाचा फोन रविवारी यायचा, तोही शेजारच्या घरी. तिथे सगळ्यांच्या देखत काय बोलणार, कपाळ? "जेवण करता ना?" "करतो." "तब्येत?" "ठणठणीत." संपलं. घरी येऊन माणूस कुलूप उघडतो, दिवा लावतो, कूकर लावतो, आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत त्या कूकरकडे बघत उभा राहतो. एकटेपणा म्हणजे काय, तर हेच. दुसरं काही नाही.

यंत्र आलं आणि सोबत सुचेता आली.

सुचेता त्या ऑफिसातली तंत्रज्ञ. पस्तिशीची, भोपाळमध्येच जन्मलेली, घरी मराठी पण बोलणं असं खिचडी की विजयाबाईंनी ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती. आठवड्यातून दोनदा सकाळी सातला तिची स्कूटर खाली थांबायची. ती चिमट्याने कागद यंत्रात लावायची, मोटर सुरू करायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला येऊन कागद काढून पाकिटात घालायची.

"काका, चाय नको हं आज, जल्दी आहे," ती जिना चढतानाच म्हणायची.

"चहा ठेवलाय. पोहे पण केलेत. आता काय गच्चीवरून खाली फेकू?"

"काय काका तुम्ही पण!" म्हणून ती बसायची. पोहे संपेपर्यंत नीळकंठराव जितकं बोलायचे, तितकं उरलेल्या आठवड्यात मिळून बोलत नसत. यंत्राच्या आदल्या दिवशी ते कोथिंबीर आणून ठेवायचे. मुलीसारखी वाटते असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण वाटायची.

यंत्र येऊन चारच दिवस झाले होते; एप्रिल लागला आणि पहिला कागद पुरा होण्याआधीच मोटर जळली. भोपाळचं ऊन ते, गच्ची तव्यासारखी तापलेली. सुचेताने झाकण उघडलं तर करपट वास. तिने कपाळाला हात लावला. "या गर्मीत मोटर टिकत नाही हो काका. करोंदच्या मंडीत लावलंय तिथे पण हाच ताप. आमचे साहेब आधीच कटकट करतायत. अजून एकदा जळली ना, तर उचलून नेतील."

इतक्या खटपटीने आणलेलं यंत्र, आणि ऊन लागून जायचं? नीळकंठराव दिवसभर कारखान्यात ड्रॉइंगच्या बोर्डापुढे बसून त्याचाच विचार करत राहिले. संध्याकाळी घरी आले, माळ्यावर चढले, आणि वाळ्याच्या ताट्या खाली काढल्या.

त्या विजयाबाईंच्या ताट्या. कूलरचा झोत तिच्या छातीला सोसायचा नाही, म्हणून होळी झाली की नीळकंठराव तिच्या खिडकीला वाळ्याची ताटी बांधायचे आणि पावसाळा लागेपर्यंत ती ओली ठेवायचे. खोलीत गारवा, वाळ्याचा वास, आणि विजयाबाई पलंगावर तांदूळ निवडत बसलेली. त्यांच्या संसारातले सुखाचे दिवस विचारले असते, तर त्यांनी हेच सांगितले असते.

आता त्यांनी गच्चीवर बांबूची चौकट उभी केली; नुसती पाहिली तर कपडे वाळत घालायची वाटावी अशी. पश्चिमेच्या बाजूला, जिकडून गोविंदपुऱ्यावरून गरम झळ यायची, तिकडे जाड ताटी. दुसरी दक्षिणेला, तिसरी वर सावलीला. सकाळी सुचेता यंत्र सुरू करून गेली की ते ताट्या बांधायचे, झारीने भिजवायचे आणि कामावर जायचे. दुपारचा भोंगा झाला की सायकल हाणत जेवायला घरी यायचे, आधी गच्चीवर जाऊन पुन्हा पाणी मारायचे, मग ताटावर बसायचे. संध्याकाळी ताट्या सोडून खाली विजयाबाईंच्या खोलीत सुकायला ठेवायचे, कारण वाळा रात्रभर ओला राहिला तर कुजतो. हे सुचेताला सांगण्यासारखं काही आहे असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. घरी आलेल्याला उन्हात बसवत नाहीत, इतकंच.

मोटर पुन्हा जळली नाही. "कमाल आहे," सुचेता म्हणायची, "मंडीतली दोनदा गेली. तुमची काय मस्त चालते!"

"वस्तूची निगा राखावी लागते," नीळकंठराव म्हणायचे आणि मिशीत हसायचे.

मे संपत आला. आणि एका सकाळी सुचेताने नवा कागद लावला, मोटर सुरू केली, पण पोह्यांना हात लावेना.

"काय झालं? मीठ जास्त पडलं?"

"काका, मशीन उचलायचा ऑर्डर झालाय. उद्या कागद काढला की गाडी येईल."

"का? जळली कुठे?"

"जळली नाही. रीडिंग चांगली आहेत. इथली हवा ठीक आहे म्हणतायत साहेब. मंडीत जास्त गरज आहे."

नीळकंठरावांना आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि त्यांनी डोक्यात राख घातली. "हवा ठीक आहे? तुझ्या साहेबाला म्हणावं इथे येऊन राहा! माझी बायको या हवेने गेली, आणि म्हणे ठीक आहे! यंत्र बिघडलंय तुमचं!"

"यंत्र मी स्वतः चेक केलंय," सुचेता हळूच म्हणाली. "कागद खोटं नाही बोलत काका. मला पण वाईट वाटतंय. मी पण दर वेळी हेच बघत होते, आज तरी काळा निघेल."

ती गेली. जाताना तिने पोहे डब्यात घालून घेतले, त्यांना बरं वाटावं म्हणून. नीळकंठराव बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. विजया, तुझं चुकलं होतं का गं? इतकी वर्षं आपण दोघं उगाच त्या धुराच्या मागे लागलो होतो का? हा विचार त्यांना सहन होईना. पण सवय ती सवय. उठले, गच्चीवर गेले, ताट्या बांधल्या, पाणी मारलं, आणि कामावर गेले.

दुपारी ते जेवायला आले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. झारी घेऊन ते पश्चिमेची ताटी भिजवत होते, तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. सुचेता. सकाळी चिमटा विसरून गेली होती.

गच्चीच्या दारातच ती थबकली. "काका, हे काय आहे?"

"काय म्हणजे? ताटी. वाळ्याची." त्यांना थोडा अभिमानच वाटला. "यांच्यामुळे तर तुझी मोटर वाचली. तुम्हाला वाटत होतं आपोआप चालते?"

"हे... रोज लावता?"

"यंत्र चालू असतं त्या दिवशी. एप्रिलपासून. संध्याकाळी काढतो."

सुचेता तिथेच, तापलेल्या कठड्याला टेकून बसली. चटका बसला असणार, पण तिला कळलाच नाही. मग ती म्हणाली, "काका, भट्ट्या दिवसा चालतात. धूर दिवसा येतो. आणि दिवसा तुम्ही मशीनसमोर ओली चाळणी बांधून ठेवता."

नीळकंठरावांच्या हातातली झारी तशीच वाकडी राहिली. पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं.

सुचेता उठली आणि पश्चिमेच्या ताटीमागे गेली. बाहेरच्या अंगाने ताटी काळी होती. नुसती मळकी नाही, काळी. तिने ओल्या वाळ्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट त्यांच्यासमोर धरलं. "हे बघा. जे कागदावर यायला हवं होतं, ते सगळं इथे आहे."

"ती दर वर्षी अशीच होते," नीळकंठराव म्हणाले. "विजया धुवायची. बादलीभर काळं पाणी निघायचं. आम्हाला वाटायचं, धूळ आहे."

"काकींच्या खोलीला पण ताटी होती?"

"खिडकीला. उन्हाळाभर."

"तरीच," सुचेता सहज बोलून गेली, "उन्हाळ्यात त्यांना बरं वाटत असेल, नाही?"

बोलून गेली, आणि मग तिने काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

नीळकंठराव खाली बसले. उन्हात, ओल्या गच्चीवर, फतकल मारून. उन्हाळ्यात बरं असतं, म्हणून धुराचं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि उन्हाळ्यात बरं असायचं ते या ताटीमुळे. डॉक्टरांनी ताटीचं विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. उन्हाळ्यात ताटी लावतात, त्यात सांगायचं काय? जसं सुचेताला सांगितलं नाही, तसंच. जे माणूस जपायला बांधलं, त्यानेच माणसाचं दुखणं झाकलं. एकदा नाही, दोनदा.

आणि जानेवारीत तिने स्वतः मागितली होती. त्यांना वाटलं तापात बरळते आहे. ती बरळत नव्हती. तिला समजलं होतं.

"काका, उठा, ऊन लागेल," सुचेता म्हणत होती. तिचेही डोळे भरले होते. मग तिने नाक पुसलं, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि भराभरा ताट्यांच्या दोऱ्या सोडायला लागली. "माझ्याजवळ एक कागद आहे. आत्ता लावते. गाडी उद्या सकाळी यायचीय ना? तोपर्यंत चालू दे. उघड्यावर."

"मोटर जळेल."

"जळू दे! मी बघते साहेबांना."

ती गेल्यावर नीळकंठराव कारखान्यात परत गेलेच नाहीत. जिन्याच्या वरच्या पायरीवर, सावलीत बसून राहिले. उघडं यंत्र घरघरत होतं. उन्हात पत्रा असा तापला होता की त्यावरची हवा हलताना दिसत होती. मोटरचा आवाज जरा चढला की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. दोनदा ते झारी भरून उठले. दोनदा परत बसले. तेवढी एक दुपार त्यांना कशी गेली ते त्यांचं त्यांना माहीत. मदत न करता बसून राहणं हे त्यांना जन्मात जमलेलं नव्हतं, आणि आज तेच करायचं होतं.

सकाळी सुचेता आली ती पोह्यांचं न विचारता थेट गच्चीवर. तिने झाकण उचललं.

कागद राखाडी झाला होता. जुन्या स्वयंपाकघरात चुलीमागची भिंत होते ना, तसा. तिने पाकिटातून मागच्या आठवड्याचा कागद काढून शेजारी धरला. तो जेमतेम मळला होता.

नीळकंठरावांनी हात पुढे केला, तो तिने हळूच धरला. "हात नको लावू काका, वजन करायचंय." गडबडीत ती त्यांना अरेतुरे करून गेली, आणि ते त्यांना फार बरं वाटलं.

"खरं निघालं तिचं," ते म्हणाले.

"एका कागदाने काही सिद्ध होत नाही," सुचेता म्हणाली. तिला खोटं बोलता यायचं नाही. "पण आधीची सगळी रीडिंग रद्द करा, असं मी आजच सांगते, कारणासकट. साहेब माझ्यावर ओरडतील, मी आधी बघायला हवं होतं म्हणून. ओरडू देत. मशीन इथून हलणार नाही. थंडीत बघू आपण. थंडीतला कागद बघायचाय मला." ती थांबली. "पण काका, ताटी नाही हं."

"नाही," नीळकंठराव म्हणाले. "ताटी नाही."

खाली गाडी आली होती. सुचेताने कठड्यावरून वाकून ड्रायव्हरला परत पाठवलं, कागद छातीशी धरला, आणि स्कूटर काढून ऑफिसला गेली.

नीळकंठरावांना कुणाला तरी सांगायचं होतं. ते जिना उतरले, दार उघडलं आणि सवयीने आवाज दिला, "अगं, ऐकलंस का?" कूकर ओट्यावर होता, पोहे झाकलेले होते. ऐकणारं कुणी नव्हतं. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी उंबरे झिजवले, ती आज हाती आली होती, आणि जिला द्यायची तीच नव्हती. ते दारातच उभे राहून रडले. मिश्राजी वर येता येता जिन्यात थांबले आणि काही न विचारता परत खाली गेले.

मग त्यांनी डोळे पुसले. गच्चीवर जाऊन जाड ताटी उचलून आणली, मोरीत घासून घासून धुतली. काळं पाणी बराच वेळ निघत राहिलं. स्वच्छ झाल्यावर ती घेऊन ते विजयाबाईंच्या खोलीत गेले, खिडकीला बांधली, गाठी नीट ओढून पाहिल्या, आणि झारीने भिजवली. खोलीत वाळ्याचा वास आला.

पलंगाच्या कडेला, जिथे ती उशांना टेकून बसायची तिथे जागा सोडून, ते बसले.

"लावली गं," नीळकंठराव म्हणाले.